आधी कारण, मग गोळी

स्मृतिभ्रंश (डिमेन्शिया) झालेल्या वृद्धांना सांभाळणाऱ्या शुश्रूषागृहाच्या नोंदवहीत काही शेरे पुन्हा पुन्हा दिसतात. ‘अंघोळीला विरोध’, ‘हात उगारला’, ‘सहकार्य करत नाहीत’, ‘संध्याकाळी अस्वस्थ’. हे शेरे खोटे नसतात, हात खरोखरच उगारलेला असतो. पण त्याच्या आधीची पाच मिनिटं वहीत कुठेच नसतात. पाणी गार होतं का, न्हाणीघराचं दार उघडं होतं का, कपडे कोणी उतरवले, उतरवण्याआधी एक शब्द तरी सांगितला होता का, त्या माणसाचा खांदा आधीपासून दुखत होता का, यातलं काहीही लिहिलेलं नसतं. लिहिलं जातं ते एकाच बाजूचं वागणं. असे शेरे साठत गेले की डॉक्टरांना विचारलं जातं, गोळी सुरू होते आणि नवा शेरा पडतो: ‘आता शांत आहेत’.

स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाचं वागणं हे पुष्कळदा त्याचं बोलणं असतं. शब्द हाताशी येईनासे झाल्यावर तो अंगाने बोलतो, ढकलून, ओरडून, येरझाऱ्या घालून, तोंड घट्ट मिटून. ते काय आहे हे समजून घेण्याची खटपट न करता त्याला औषधाने गप्प करणं याला मी उपचार म्हणायला तयार नाही. व्यक्तिकेंद्री काळजी, म्हणजे आजाराऐवजी त्या माणसाला मध्यभागी ठेवणारी देखभाल, हा शब्द आता संस्थांच्या माहितीपत्रकांत सर्रास छापलेला असतो, सोबत हसऱ्या आजी-आजोबांचे फोटो असतात. मला त्याचा अर्थ खूप कठोर वाटतो. कारण शोधल्याशिवाय माणसाला गुंगीत ढकलायचं नाही, असं बंधन संस्थेवर हवं, आणि ते पाळता येईल इतका वेळ नि इतकी माणसं पुरवण्याची जबाबदारी सरकारवर हवी. हा केवळ चांगुलपणाचा प्रश्न राहिला तर तो प्रत्येक थकलेल्या दिवशी मागे पडणार.

विचार नवा नाही. इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्ड विद्यापीठातले टॉम किटवुड यांनी तो १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून मांडला, आणि १९९७ मध्ये, मृत्यूच्या आदल्या वर्षी, पुस्तकात सविस्तर लिहिला. त्या काळी मेंदूच्या पेशी मरत जातात आणि त्याबरोबर माणूस नाहीसा होत जातो, एवढंच सगळे धरून चालत. किटवुड यांना ते पटत नव्हतं. मेंदूची झीज सारखीच असताना दोन माणसांच्या अवस्थेत एवढं अंतर कसं पडतं? त्यांचं उत्तर असं, की झिजेबरोबरच त्या माणसाचा स्वभाव, त्याचं मागचं आयुष्य, तब्येत आणि आजूबाजूच्या लोकांची वागणूक हे सगळं मिळून त्याची अवस्था ठरते. अमेरिकेत ६७८ कॅथलिक जोगिणींचा १९८६ पासून दीर्घ अभ्यास झाला. त्यांच्या मृत्यूनंतर मेंदू तपासले तेव्हा अल्झायमरच्या, म्हणजे स्मृतिभ्रंशाच्या सर्वाधिक आढळणाऱ्या प्रकाराच्या, ठळक खुणा असूनही शेवटपर्यंत तल्लख राहिलेल्या जोगिणी आढळल्या. त्यामुळे किटवुड यांचं सगळंच म्हणणं सिद्ध झालं असं नाही, पण निव्वळ मेंदूकडे बोट दाखवून हा विषय संपवता येत नाही, एवढं नक्की.

किटवुड यांनी माणसाला आतून खचवणाऱ्या वागण्याचे १७ प्रकार नोंदवले. झेपणार नाही इतक्या वेगाने त्याच्याशी बोलणं. त्याच्या देखत त्याच्याविषयी दुसऱ्याशी बोलणं, जणू तो तिथे नाहीच. जे काम त्याला अजून जमतं तेही हातातून काढून घेणं. फसवून कुठेतरी नेणं. हाक मारली तरी न वळणं. त्याच्या भीतीला ‘काही नाही हो’ म्हणून उडवून लावणं. यादी वाचताना धस्स होतं, कारण ती दुष्ट माणसांची यादी नाही. यात कुणाचा वाईट हेतू असतो असं नाही, हे किटवुड यांनी आवर्जून सांगितलं होतं. चांगली, कष्टाळू, प्रेमळ माणसं हे सगळं रोज करतात, कारण पुढचा पलंग वाट पाहत असतो.

अंघोळीवर थोडं थांबायला हवं, कारण सगळा प्रश्न तिथे उघडा पडतो. विचार करा, आपण कुठे आहोत हे नीट उमगत नाही. एक अनोळखी व्यक्ती येते आणि कपडे उतरवू लागते. अंग गारठतं, वरून डोक्यावर पाणी येतं, फरशी निसरडी आहे, आवाज घुमतोय. अशा वेळी जो ढकलत नाही, ओरडत नाही, त्याच्याबद्दल खरं तर जास्त काळजी वाटायला हवी. २००४ मध्ये अमेरिकेत १५ शुश्रूषागृहांमधल्या ७३ रहिवाशांवर याच गोष्टीचा काटेकोर अभ्यास झाला. काही जणांची अंघोळ न्हाणीघरातच, पण त्यांच्या कलाने घातली गेली: अंग टॉवेलने झाकलेलं, खोली उबदार, पाण्याचा जोर बेताचा, कुठून सुरुवात करायची हे त्यांना विचारून, आवडीच्या गप्पा करत. काहींना पलंगावरच मोठ्या गरम ओल्या टॉवेलमध्ये गुंडाळून, वरून हलक्या हाताने चोळत स्वच्छ केलं गेलं. अंघोळीच्या वेळची चिडचीड दोन्ही पद्धतींत घटली, आणि मारझोडीसारखे आक्रमक प्रसंग पहिल्या पद्धतीत ५३ टक्क्यांनी आणि दुसऱ्या पद्धतीत ६० टक्क्यांनी कमी झाले. एकही नवं औषध लागलं नाही. आणि वेळ? पलंगावरच्या पद्धतीत वाढला नाही, न्हाणीघरातल्या पद्धतीत सरासरी तीन मिनिटांच्या आसपास वाढला. स्वच्छतेत उणेपणा येईल अशी भीती होती, म्हणून त्वचेवरचे जंतूही तपासले, त्यातही वाईट काही निघालं नाही.

ही तीन मिनिटं माझ्या मनातून जात नाहीत. एखाद्याची अब्रू आणि एखादीचा ओरखडलेला हात यांच्यामध्ये तेवढंच अंतर असेल, तर ती मिनिटं कामाच्या वेळापत्रकात का धरलेली नसतात, हे विचारण्याचा अधिकार प्रत्येक नातेवाइकाला आहे. ओरखडलेला हात मी मुद्दाम म्हणते. मार खाणारी आया किंवा परिचारिका या कथेत खलनायिका नाही, तिचंही रोजचं जगणं त्या मिनिटांवर अवलंबून आहे.

बोलण्याची रीतही तितकीच महत्त्वाची. अमेरिकेतच शुश्रूषागृहांमधल्या चित्रफिती तपासून २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं, की कर्मचारी बोबड्या, लाडिक, लहान मुलांशी बोलावं तशा सुरात बोलले की रहिवाशांचा विरोध वाढतो. मोठ्या माणसाशी बोलावं तसं बोललं की तो कमी होतो. ज्याने आयुष्यभर घर चालवलं, हिशेब ठेवले, माणसं सांभाळली, त्याला ‘चला बाळा, आता शहाण्यासारखं करायचं’ हे ऐकू येतं. शब्द कळोत न कळोत, सूर कळतो.

आता दुखण्याविषयी. म्हातारपणी सांधे, दात, पाठ, बद्धकोष्ठ, लघवीचा जंतुसंसर्ग, काही ना काही असतंच. आपण ‘दुखतंय’ म्हणतो. ज्याला ते म्हणता येत नाही तो काय करेल? नॉर्वेमधल्या १८ शुश्रूषागृहांत, चिडचीड करणाऱ्या ३५२ रहिवाशांवर झालेल्या प्रयोगात एका गटाला पायरीपायरीने वेदनाशामक दिलं गेलं. त्यातल्या बहुतेकांना मिळालं ते साधं पॅरासिटामॉल. आठ आठवड्यांत त्यांची अस्वस्थता नेहमीचीच देखभाल मिळालेल्या गटाच्या तुलनेत १७ टक्क्यांनी उतरली, आणि वेदनाशामक थांबवल्यावर ती परत वाढली. अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. एवढ्या वर्षांनंतरही अस्वस्थ रुग्णाच्या बाबतीत पहिला प्रश्न ‘कुठे दुखतंय का’ हा नसतो, ‘रात्रीचा डोस वाढवायचा का’ हा असतो.

त्या डोसाची किंमत काय असते, हेही स्पष्ट सांगायला हवं. स्मृतिभ्रंशातल्या चिडचिडीसाठी सर्रास दिली जाणारी अँटिसायकोटिक औषधं मुळात स्किझोफ्रेनियासारख्या आजारांसाठीची आहेत. स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांमध्ये त्यांनी मृत्यूचा धोका वाढतो, असा ठळक इशारा अमेरिकेच्या औषध नियामकाने २००५ मध्ये नव्या पिढीच्या औषधांवर आणि २००८ मध्ये जुन्या पिढीच्या औषधांवर छापायला लावला. २००९ मध्ये ब्रिटनच्या आरोग्य खात्यासाठी प्राध्यापक सुबे बॅनर्जी यांनी अहवाल तयार केला. त्यांच्या अंदाजाप्रमाणे देशात वर्षाला सुमारे १ लाख ८० हजार स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांना ही औषधं दिली जात होती. काही फायदा होत असेल तर तो जास्तीत जास्त ३६ हजारांना. त्यापायी होणारे जादा मृत्यू वर्षाला सुमारे १,८००, आणि पक्षाघातासारख्या घटना सुमारे १,६२०. म्हणजे पाचांतल्या चौघांनी धोका पत्करला, त्यांना न विचारता, आणि त्यांच्या पदरात काहीच पडलं नाही.

ही औषधं कधीच देऊ नयेत असं मी म्हणत नाही. भिंतीतून कोणीतरी मारायला येतंय अशा भासांनी थरकाप होत असेल, स्वतःला किंवा दुसऱ्याला गंभीर इजा होण्याची वेळ आली असेल, तर थोड्या काळासाठी, कमीत कमी मात्रेत ती दिलासा देऊ शकतात. अशा वेळी औषध नाकारणं हीसुद्धा क्रूरताच. लेवी बॉडी प्रकारच्या स्मृतिभ्रंशात मात्र हीच औषधं जिवावर बेतू शकतात, त्यामुळे निदान नीट झालेलं असणं फार गरजेचं. माझी मागणी इतकीच आहे: गोळी सुरू करण्याआधी वेदना, संसर्ग, पोट, तहान, झोप, चष्मा, श्रवणयंत्र आणि देखभालीची पद्धत तपासल्याची लेखी नोंद हवी, आणि गोळी कधी बंद करून पाहायची याची तारीख त्याच दिवशी लिहिलेली हवी. ब्रिटनमधल्या मार्गदर्शक सूचना दर सहा आठवड्यांनी तरी फेरतपासणी करायला सांगतात. सूचना पुरत नाहीत, हे बंधनकारक हवं.

यावर एक उत्तर नेहमी येतं: ‘त्यांना काय कळतंय? पाच मिनिटांनी विसरतात.’ हे उत्तर मला सगळ्यात घातक वाटतं, कारण ते प्रेमाने वागणाऱ्या माणसाचाही धीर खचवतं. आयोवा विद्यापीठात अल्झायमरच्या १७ रुग्णांना दुःखी आणि आनंदी चित्रपटांचे तुकडे दाखवण्यात आले. थोड्याच वेळात त्यांना काय पाहिलं ते फारसं सांगता येत नव्हतं. पण ते पाहताना मनात आलेली भावना अर्ध्या तासापर्यंत टिकून राहिली. ज्यांना कमी आठवत होतं त्यांचं दुःख तर अधिक काळ रेंगाळलं. याचा व्यवहारातला अर्थ भयंकर आहे. सकाळी कोणी खेकसलं हे विसरलं जातं, पण दुखावलेपण तसंच राहतं, आणि आता त्याचं कारणही सांगता येत नाही. दुपारी तो माणूस ‘विनाकारण’ चिडतो आणि वहीत आणखी एक शेरा पडतो.

व्यक्तिकेंद्री काळजीतले दोन प्रश्न मात्र खरोखर अवघड आहेत, आणि त्यांना सोपी उत्तरं देणाऱ्यांवर माझा विश्वास बसत नाही. पहिला सत्याचा. नव्वदीतली बाई रोज संध्याकाळी आईला शोधते. ‘तुमची आई केव्हाच गेली’ हे सांगितलं तर ती बातमी तिला प्रत्येक वेळी पहिल्यांदाच कळते आणि ती कोसळते. ‘येईलच आता’ म्हटलं तर ते खोटं आहे, आणि ती दारात उभी राहते. मला तिसरी वाट योग्य वाटते: आईविषयी विचारावं. कशी होती, काय म्हणायची, कशासाठी हवी आहे. पुष्कळदा आईच्या मागे भीती असते, भूक असते, घरी जायची ओढ असते आणि त्यावर काहीतरी करता येतं. हे नेहमी साधत नाही. एखाद्या संध्याकाळी ती थेट डोळ्यांत बघून विचारेल, ‘खरं सांग, आई गेली ना?’ तेव्हा खरंच सांगावं आणि जवळ बसून राहावं.

दुसरा प्रश्न अधिक खोल: केंद्रस्थानी नेमकी कोणती व्यक्ती? समजा, आयुष्यभर पुस्तकांत रमलेल्या प्राध्यापकांना आता पुस्तक नकोसं झालंय. त्यांना टॉवेलच्या घड्या घालायला आवडतं, तासन्‌तास, समाधानाने. मुलांना ते बघवत नाही. ‘बाबांना हे कधीच आवडलं नसतं’ म्हणत ती त्यांच्या मांडीवर ग्रंथ ठेवतात. कायद्याचे तत्त्वज्ञ रोनाल्ड ड्वॉर्किन यांनी १९९३ मध्ये जो युक्तिवाद केला तो मुलांच्या बाजूने जातो: शाबूत बुद्धीने माणसाने स्वतःविषयी जे ठरवलं, ज्या मूल्यांवर आयुष्य उभं केलं, त्याला आजच्या क्षणिक सुखापेक्षा वजन द्यावं. कायद्याच्याच अभ्यासक रिबेका ड्रेसर यांनी त्याला उत्तर दिलं, की आज समोर बसलेल्या माणसाचं सुखदुःख हेच खरं आहे, पूर्वीच्या माणसाच्या नावाने त्याच्यावर सक्ती करू नये. मोठ्या वैद्यकीय निर्णयांत, जिथे आधी लिहून ठेवलेली इच्छा असते, तिथे मला ड्वॉर्किन यांचं म्हणणं पुष्कळसं पटतं. रोजच्या दिवसाच्या बाबतीत मी पूर्णपणे ड्रेसर यांच्या बाजूची आहे. घड्या घालू द्याव्यात. ‘जीवनकथा’ लिहून घेण्याची जी पद्धत शुश्रूषागृहांत रुजते आहे ती उपयोगाचीच आहे, पण त्या कथेत माणसाला कोंडून ठेवायचं नसतं. तो अजून बदलतो आहे, त्याला नव्या आवडी लागू शकतात, याची जागा ठेवावी लागते.

आता पैशाकडे आणि माणसांकडे वळते, कारण इथे सगळं अडतं. ही पद्धत चालते का? इंग्लंडमधल्या १२ शुश्रूषागृहांत कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण आणि आधार दिल्यावर वर्षभराने अँटिसायकोटिक घेणाऱ्यांचं प्रमाण २३ टक्के होतं, तसं प्रशिक्षण न मिळालेल्या गृहांत ते ४२ टक्के. हा अभ्यास २००६ चा. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ६९ शुश्रूषागृहांवरच्या ब्रिटिश अभ्यासात व्यक्तिकेंद्री काळजीला थोड्या सामाजिक सहवासाची जोड दिली. रहिवाशांचं जगणं सुधारलं, अस्वस्थता कमी झाली आणि एकूण खर्चही वाढला नाही, उलट घटला. पण तितकाच महत्त्वाचा तिसरा अभ्यासही आहे. त्यात इंग्लंडमधली ५० गृहं होती, आणि निरीक्षणावर आधारलेली किटवुड परंपरेतलीच एक पद्धत तिथल्या कर्मचाऱ्यांनी स्वतः राबवायची होती. फरक पडला नाही. बहुतेक गृहांना निरीक्षणाच्या पहिल्या फेरीच्या पुढे जाताच आलं नाही. प्रशिक्षित माणसं नोकरी सोडून गेली, उरलेल्यांना वेळ नव्हता, व्यवस्थापकांचं पाठबळ कमी पडलं. जे म्हणतात ‘ही पद्धत फसते’, त्यांनी हा अभ्यास नीट वाचावा. जिथे पगार तुटपुंजा, माणसं अपुरी आणि दर काही महिन्यांनी नवे चेहरे, तिथे कुठलीच पद्धत तगत नाही.

घरांमधली स्थिती याहून बिकट. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगात ५ कोटी ७० लाख लोकांना स्मृतिभ्रंश होता आणि दरवर्षी जवळपास १ कोटी नव्या रुग्णांची भर पडते. २०१९ मध्ये या आजाराचा जागतिक खर्च १.३ लाख कोटी डॉलर होता. त्यातला निम्मा खर्च म्हणजे कुटुंबीयांनी आणि जवळच्यांनी केलेली काळजी, सरासरी रोज पाच तास. काळजीच्या तासांपैकी ७० टक्के तास स्त्रियांचे. अशा घरात पत्नीला किंवा मुलीला ‘त्यांच्या कलाने घ्या, रागावू नका, कारण शोधा’ असं सांगून निघून जाणं म्हणजे तिच्यावर आणखी एक ओझं टाकणं. रात्री चार वेळा उठलेल्या बाईकडून पाचव्या वेळी शांतपणाची अपेक्षा करणाऱ्याने आधी तिची एक रात्र आपल्याकडे घ्यावी. व्यक्तिकेंद्री काळजीच्या चर्चेत ‘व्यक्ती’ एकच नसते. म्हणून आठवड्यातले काही तास हक्काची सुट्टी, दिवसाची काळजी केंद्रं, घरी येणारी प्रशिक्षित माणसं आणि काळजी घेणाऱ्याला रोख भत्ता या गोष्टी सवलती म्हणून देण्याच्या नव्हेत, त्या उपचाराचाच भाग आहेत आणि त्यांची तरतूद औषधांच्या तरतुदीसारखीच व्हावी.

नवी औषधं येत आहेत, तेव्हा हे सगळं लवकरच गैरलागू होईल, अशी आशा काहींना वाटते. अमेरिकेत जुलै २०२३ मध्ये पूर्ण मान्यता मिळालेल्या लेकॅनेमॅबने अल्झायमरच्या सुरुवातीच्या टप्प्यात ऱ्हास मंदावतो, हे खरं आहे. १८ महिन्यांनंतर, आजाराची तीव्रता मोजणाऱ्या १८ गुणांच्या मोजपट्टीवर, औषध घेणारे आणि न घेणारे यांच्यातला फरक ०.४५ गुणांचा होता. संशोधन पुढे जायलाच हवं, मला त्याचं मोल आहे. पण आज ज्यांचा आजार मध्यावर किंवा शेवटाकडे आहे त्यांच्यासाठी हे औषध नाही, आणि त्यांना अंघोळ उद्या सकाळीही घालायची आहे.

शेवटची गोष्ट ठरवण्याच्या अधिकाराची. स्मृतिभ्रंशाचं निदान झालं की माणसाच्या वतीने सगळे बोलू लागतात: डॉक्टर, मुलं, संस्था, माझ्यासारखे लेखक. निदान होणं आणि निर्णयक्षमता संपणं यांत पुष्कळदा कित्येक वर्षांचं अंतर असतं. इंग्लंड आणि वेल्सचा २००५ चा कायदा माणूस निर्णय घेऊ शकतो असंच गृहीत धरून चालायला सांगतो, आणि केवळ निर्णय शहाणपणाचा नाही म्हणून त्याला अक्षम ठरवायला मनाई करतो. स्कॉटलंडमध्ये २००२ पासून स्मृतिभ्रंश असलेल्या लोकांचाच एक कार्यगट धोरणकर्त्यांशी बोलतो आहे. २०१४ मध्ये अशाच लोकांनी मिळून ‘डिमेन्शिया अलायन्स इंटरनॅशनल’ ही संघटना उभारली, तिचं सदस्यत्व निदान झालेल्यांनाच मिळतं. शुश्रूषागृहांची तपासणी करणाऱ्या, त्यांचे नियम लिहिणाऱ्या प्रत्येक समितीत अशी दोन माणसं तरी असावीत. त्यासाठी बैठकीची पद्धत बदलावी लागेल: कागद आधी पोहोचवायचे, तेही मोठ्या अक्षरांत; एका वेळी एकानेच बोलायचं; मध्ये विश्रांती ठेवायची; आणि प्रश्न विचारल्यावर उत्तर येईपर्यंत थांबायचं.